कपाळावरची खूण : जनुकीय अभियांत्रिकी, जन्मश्रेष्ठत्व आणि बौद्ध नीतिविचार

जनुकीय अभियांत्रिकीचा विषय निघाला की आपल्याकडील धम्मव्याख्यानांतून एक विधान हमखास ऐकावयास मिळते. बौद्ध धम्मात जगाचा कर्ता नाही आणि अमर आत्माही नाही; म्हणून ज्या विज्ञानाने ईश्वरवादी धर्मांची झोप उडविली त्याचे बौद्धांना भय नाही, असे ते विधान होय. विधान खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. भय नसणे आणि नीतिविचार असणे या दोन भिन्न गोष्टी होत. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाच्या बीजात हात घालण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे बौद्धांनी या प्रश्नाकडे कोणत्या बाजूने पाहावे हे अधिक स्पष्ट होते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम ईश्वरवादी धर्मांचा आक्षेप नेमका काय होता ते पाहू. १९७२-७३ च्या सुमारास अमेरिकेतील पॉल बर्ग, स्टॅन्ले कोहेन व हर्बर्ट बॉयर यांच्या प्रयोगांनी एका जीवाचा डीएनए दुसऱ्याच्या डीएनएला जोडता येतो हे सिद्ध केले. या सामर्थ्याने स्वतः वैज्ञानिकच बिचकले. त्यांनी काही प्रयोग स्वेच्छेने थांबविले आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे परिषद भरविली. तेथे चर्चा झाली ती सुरक्षिततेची. नवा जंतू प्रयोगशाळेबाहेर निसटला तर काय, हा तेथील मुख्य प्रश्न होता. माणसाने हे करावे काय, हा नव्हे.

तो दुसरा प्रश्न पाच वर्षांनी पुढे आला आणि त्याचे निमित्त एक भारतीय संशोधक ठरले. बंगालमध्ये जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करीत असता त्यांनी वेगवेगळ्या जीवाणूंमधील प्लास्मिड नावाची जनुकवाहक वलये एकाच जीवाणूत एकत्र आणली. खनिज तेलातील अनेक घटकांचे विघटन करू शकणारा जीवाणू त्यातून तयार झाला. सजीवाचे पेटंट देता येईल काय, यावर खटला चालला आणि १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने निर्णय दिला. चारच दिवसांनी, २० जून रोजी, प्रॉटेस्टंट, कॅथलिक व ज्यू संघटनांच्या तीन प्रमुखांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना संयुक्त पत्र पाठविले. जीवनाच्या मूलभूत स्वरूपावर कोणाचे नियंत्रण राहणार आणि ईश्वराची भूमिका घेऊ पाहणाऱ्यांना आवरणार कोण, असा त्या पत्राचा सूर होता.

या पत्रामुळे राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने विषय हाती घेतला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये अहवाल दिला. आयोगाने निरनिराळ्या परंपरांच्या धर्मशास्त्रज्ञांशी विचारविनिमय केला. तेव्हा असे आढळले की, जनुकांना स्पर्श करणेच मुळात पाप आहे असे त्यांच्यापैकी बहुतेकांना म्हणावयाचे नव्हते. ईश्वराची भूमिका हा शब्दप्रयोग एका सावधगिरीचे नाव होता. माणसाचे सामर्थ्य त्याच्या शहाणपणापेक्षा फार पुढे जात आहे, एवढीच त्यामागील भावना होती. सृष्टिकर्ता मानणाऱ्यांची चिंता अशी तपासली असता, सृष्टिकर्ता न मानणाऱ्यालाही ती नाकारता येत नाही. बौद्धांच्या सुटकेच्या निःश्वासाला येथेच पहिला धक्का बसतो.

निरनिराळ्या धर्मांच्या भूमिका येथे विस्ताराने मांडण्याचे कारण नाही. कॅथलिक चर्चच्या दृष्टीने गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवनाचा आदर राखला पाहिजे. म्हणून रुग्णाच्या देहपेशींवरील जनुकीय उपचार तत्त्वतः मान्य आणि भ्रूणाचा नाश अमान्य. इस्लामी विधिज्ञांपैकी अनेकांच्या मते गर्भात आत्म्याचा प्रवेश १२० व्या दिवशी होतो, त्यामुळे त्यांच्यातील चर्चा निराळ्या वळणाने जाते. उपचाराला मुभा आणि ईश्वरनिर्मित रूप बदलण्यास मनाई, या दोन टोकांमध्ये ती फिरते. ज्यू परंपरेत प्राणरक्षणाचे कर्तव्य इतर बहुतेक आज्ञांवर मात करते. तिच्यातील एका प्रयोगाकडे मात्र आपण पुन्हा वळणार आहोत, म्हणून त्याची नोंद येथे करून ठेवतो. टे-सॅक्स नावाच्या प्राणघातक आनुवंशिक रोगात आपली अनेक अपत्ये गमावलेल्या एका रब्बीने १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये दोर येशोरिम ही संस्था काढली. तरुण-तरुणींची रक्ततपासणी होते, परंतु निष्कर्ष त्यांना सांगितला जात नाही; केवळ एक क्रमांक मिळतो. विवाह ठरण्यापूर्वी दोन्ही क्रमांक कळविले की हा जोड योग्य आहे किंवा नाही, एवढेच उत्तर येते. वाहक कोण, हे गावाला कळत नाही. बहुधा स्वतःलाही कळत नाही.

आता मागे वळू. जनुकीय अभियांत्रिकीचे तंत्र १९७० नंतरचे असले तरी तिच्यामागील आकांक्षा जुनी आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी सुप्रजाजननशास्त्राला इंग्रजी नाव दिले. उत्तम माणसांची संतती वाढवावी, हीन माणसांची थांबवावी, हा त्याचा गाभा. १९०७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातील तशाच कायद्याला मान्यता दिली. आणि जुलै १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीने केलेल्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. याला केवळ नाझींचा वेडेपणा म्हणता येणार नाही. स्वीडनसारख्या लोकशाही देशातही असा कायदा दीर्घकाळ होता. अनेक उदारमतवादी, प्रागतिक म्हणविणारे विद्वान आणि धर्मोपदेशक या चळवळीत होते. आज आपण ज्याला सनातनी म्हणून बाजूला सारू त्या रोमच्या पोपने मात्र १९३० च्या अखेरीस सुप्रजाजननासाठी होणाऱ्या सक्तीच्या नसबंदीचा स्पष्ट निषेध केला होता. विज्ञाननिष्ठेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही नोंद विसरू नये.

महाराष्ट्रही या वाऱ्यापासून दूर नव्हता. कादंबरीकार म्हणून आपणास परिचित असलेले ना. सी. फडके यांनी १९२७ साली भारतात सुप्रजाजननाची चळवळ असावी असे प्रतिपादन करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला व त्याला संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना मिळाली. याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशशुद्धिवादी मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली मानवी कवट्यांचा अभ्यास करीत होत्या. गुरूच्या सिद्धांताला पोषक असा वंशभेद त्या कवट्यांच्या मापांत सापडला नाही, आणि तो सापडला नाही असेच त्यांनी लिहिले.

परंतु या देशात सुप्रजाजननाच्या दाव्याचा खरा समाचार घेतला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली तयार केलेल्या आणि प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात त्यांनी एका स्वतंत्र युक्तिवादाला हात घातला. जातिव्यवस्थेचे काही समर्थक तोवर जीवशास्त्राचा आधार घेऊ लागले होते. जातीमुळे वंश शुद्ध राहतो, रक्ताचा दर्जा टिकतो, असे ते म्हणत. बाबासाहेबांनी त्यांना त्यांच्याच भूमीवर गाठले. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांच्या संशोधनाचा हवाला देऊन त्यांनी दाखविले की, परकीय रक्ताचा अंश नाही असा वर्ग या देशात क्वचितच असेल. पंजाबचा ब्राह्मण व पंजाबचा चांभार यांच्यात वंशभेद नाही. वंशभेद असलाच तर तो पंजाबच्या आणि मद्रासच्या ब्राह्मणांत आहे. पुढचा प्रश्न अधिक मार्मिक आहे. जात ही संतती सुधारण्यासाठी असेल, तर एकाच वंशाच्या पोटजातींमध्ये विवाहबंदी कशासाठी? आणि सहभोजनाने तर रक्त मिसळत नाही, मग रोटीबंदी कशासाठी? शेवटी त्यांनी फळाकडे बोट दाखविले. शतकानुशतके चाललेल्या या तथाकथित सुप्रजननातून बहुसंख्य लोक सैन्यभरतीसही अपात्र ठरावेत, अशी दुबळी प्रजा निपजली.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. बाबासाहेबांनी अनुवंशशास्त्र नाकारले नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात त्यांनी पूर्वकर्माच्या सिद्धांताची परीक्षा केली ती याच शास्त्राच्या साहाय्याने. अपत्याचे गुणावगुण मातापित्यांकडून येतात हे शास्त्राने दाखविले असता, देहाखेरीज सारे काही त्याने स्वतःच्या मागील जन्माच्या कर्मातून आणले असे म्हणणे विसंगत ठरते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणजे आनुवंशिकता मान्य, परंतु तिच्यातून श्रेणी काढणे अमान्य. आणि आनुवंशिक दुःखाला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ ठरविणे तर मुळीच मान्य नाही.

या भूमिकेला पालि वाङ्मयात आधार आहे काय? आहे, आणि तो एकाच ठिकाणी नाही. वासेट्ठसुत्तात तथागतांनी गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी यांची गणना केली आहे. या सर्वांत जन्माने येणारी, जातीजातीस वेगळी करणारी खूण असते. तिला तेथे लिंग असा शब्द आहे. मग केसांपासून पायाच्या नखांपर्यंत मनुष्यदेहाचा एकेक अवयव घेऊन ते सांगतात की माणसांत अशी खूण सापडत नाही; माणसामाणसांतील भेद हा व्यवहारातील नावाचा आहे. अस्सलायनसुत्तात बीजशुद्धीचा दावा आणखी थेट तपासला जातो. असित देवल ऋषी ब्राह्मण ऋषींना विचारतात की, तुमची माता, मातेची माता, अशा सात पिढ्या केवळ ब्राह्मणाकडेच गेल्या हे तुम्हास ठाऊक आहे काय? तसेच पित्याच्या बाजूचे? ऋषींजवळ उत्तर नसते. मनुस्मृतीने पुढे बीज आणि क्षेत्र यांची तुलना करून बीजाला प्राधान्य दिले. अंगुत्तरनिकायात हेच शेतीचे रूपक येते, पण तेथे बीजाच्या जागी विञ्ञाण, शेताच्या जागी कम्म आणि ओलाव्याच्या जागी तण्हा आहे. पित्याच्या कुळाचा तेथे उल्लेखही नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे सुत्त मात्र संयुत्तनिकायातील सीवकसुत्त होय. त्याचे मोल मला ग्रंथालयात कळले नाही. काही वर्षांपूर्वी नागपूर जिल्ह्यातील एका विहारात वर्षावासातील व्याख्यान संपल्यावर एक उपासिका थांबली. तिच्या मुलाला सिकलसेलचा आजार होता. सांधे धरतात, पोर रात्र रात्र रडते, असे सांगून तिने विचारले की हे त्याच्या कोणत्या कर्माचे फळ? बावीस प्रतिज्ञा तिला मुखोद्गत होत्या. तरीही प्रश्न उरलाच होता. तो शेजारणीने तिच्या मनात घातला होता की आपल्यातल्याच कुणी, हे मी विचारले नाही. सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना असाच प्रश्न विचारला आहे. माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकृत्यांमुळे, असे काहींचे मत आहे. आपले मत काय? भगवंत पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतू, विषम आहारविहार, बाह्य आघात आणि कम्मविपाक अशी आठ कारणे सांगतात आणि सर्व दुःख पूर्वकृत्यांच्या माथी मारणारे मत अनुभवाच्या पलीकडे धावते, असे म्हणतात. पुढे अट्ठकथाकारांनी ऋतुनियम, बीजनियम, कम्मनियम असे पाच नियम वेगळे मांडले. ही पाचांची मांडणी मूळ निकायांतील नाही, अट्ठकथेतील आहे. तथापि परंपरेनेच बीजाचा व्यापार कम्मापासून निराळा केला, हे तिच्यावरून दिसते. बाबासाहेबांनीही ऋतुनियम व बीजनियम यांचा उल्लेख भौतिक जगातील व्यवस्थेची उदाहरणे म्हणून केला आहे. बुद्धांना जनुके ठाऊक होती असे मात्र यावरून कोणी म्हणू नये. तो मोह आपल्याकडे फार आहे.

तेव्हा रोगी जनुक दुरुस्त करणे म्हणजे कोणाच्या कर्मफलात ढवळाढवळ करणे, असा आक्षेप बौद्ध भूमिकेवरून घेता येत नाही. पण येथे थांबलो तर आपण पुन्हा आरंभीच्या विधानापाशीच येऊ. ग्रंथांत काय आहे आणि बौद्ध समाजांनी काय केले, यांतील अंतर पाहणे भाग आहे.

जपान घ्या. तेथे १९४० साली राष्ट्रीय सुप्रजनन कायदा झाला. महायुद्धानंतर, नव्या संविधानाखाली, १९४८ साली त्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली आणि तो १९९६ पर्यंत टिकला. त्याखाली सुमारे २५ हजार माणसांची नसबंदी झाली. त्यांपैकी सुमारे १६,५०० जणांची त्यांच्या संमतीवाचून. मतिमंद, मानसिक रुग्ण, आनुवंशिक व्याधीचे लोक त्यात होते. महारोग आनुवंशिक नसतानाही महारोग्यांचा त्यात समावेश होता. ३ जुलै २०२४ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा संविधानविरोधी होता असा निर्णय दिला, तेव्हा फिर्यादींपैकी काही जण निवर्तले होते. हा कायदा बौद्धांनी केला असे म्हणण्यास आधार नाही. पण महारोगाला त्या देशात कर्मरोग म्हणण्याची चाल होती, आणि रुग्णांना वेगळ्या वसाहतींत कोंडण्याच्या धोरणाला साथ दिल्याबद्दल शिन परंपरेतील ओतानी शाखेने १९९६ साली जाहीर क्षमा मागितली. त्याआधी, १९७९ साली, सोतो झेन पंथाचे एक श्रेष्ठ पदाधिकारी माचिदा यांनी प्रिन्स्टन येथील आंतरराष्ट्रीय धर्मपरिषदेत जपानमध्ये बुराकू लोकांविषयी भेदभाव उरलेला नाही असे सांगितले. बुराकू म्हणजे तेथील अस्पृश्य. त्यांच्या संघटनेने जाब विचारला, तेव्हा पंथाला स्वतःचीच दप्तरे उघडावी लागली. मृत बुराकूंना मंदिरांनी दिलेल्या धम्मनामांत हीनतादर्शक अक्षरे सापडली. त्यांच्या जन्माचे कारण पूर्वकर्मात आहे, असे प्रवचनांतून शिकविले गेले होते. चांडाल या भारतीय शब्दाचे रूपही त्या परंपरेने जपून ठेवले होते. सीवकसुत्ताशी समांतर सूत्र या मंदिरांच्या परंपरेतील चिनी त्रिपिटकातही होते.

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियाचे. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील पशुवैद्यक ह्वांग वू-सुक यांनी २००४ साली मानवी भ्रूणाचा क्लोन करून त्यातून मूलपेशी मिळविल्याचा आणि २००५ साली अकरा रुग्णांसाठी तशा पेशी तयार केल्याचा दावा केला. कोरियातील कॅथलिक चर्चने विरोध केला. ह्वांग बौद्ध होते. आपणास क्लोनिंगमध्ये तात्त्विक अडचण वाटत नाही आणि जीवनचक्र पुन्हा सुरू करण्याच्या बौद्ध कल्पनेशी ते जुळते, अशा आशयाचे विचार त्यांनी अमेरिकन वृत्तपत्राला सांगितले. अनेक बौद्धांनी त्यांची पाठराखण केली. वास्तविक भ्रूणाविषयी बौद्धांचे मत एवढे सोपे नाही. विनयपिटकात मनुष्यवधाच्या नियमाचे विवरण करताना मातेच्या उदरात पहिले चित्त उत्पन्न झाल्यापासून मनुष्यदेह धरला आहे, आणि या आधारावर डेमियन कीऑन यांसारख्या अभ्यासकांनी भ्रूणाचा नाश करणारे संशोधन पहिल्या शीलाविरुद्ध जाते असे मांडले आहे. प्रयोगशाळेतील काचपात्रात चित्त केव्हा उत्पन्न होते, हा वाद मिटलेला नाही.

परंतु ह्वांग प्रकरण त्या वादावर कोसळलेच नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये उघड झाले की प्रयोगासाठी लागणारी अंडी त्यांच्याच हाताखालील दोन तरुण संशोधिकांनी दिली होती आणि काही स्त्रियांना पैसे दिले गेले होते. प्रयोगांत दोन हजारांहून अधिक अंडी खर्ची पडली. जानेवारी २००६ मध्ये विद्यापीठाच्या चौकशी समितीने दोन्ही शोधनिबंध बनावट ठरविले, आणि २००९ साली न्यायालयाने त्यांना निधीचा अपहार व जैवनीती कायद्याचा भंग यांबद्दल दोषी ठरविले. ज्याच्या हाती आपली नोकरी आहे अशा गुरूला शिष्या नकार देऊ शकते काय? तिने स्वेच्छेने दिले असे म्हणणे हे अदिन्नादानाच्या शीलाला पळवाट काढणे होय. आणि मुसावाद तर उघडच होता. सृष्टिकर्ता आहे की नाही, या उंचीवरून चाललेल्या चर्चेत ही दोन साधी शीले कोणाला दिसली नाहीत, हे मला या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद अंग वाटते. २०१८ साली चीनमधील हे जियानक्वी यांनी भ्रूणांची जनुके बदलून जुळ्या मुली जन्मास घातल्याचे जाहीर केले, तेथेही मातापित्यांची संमती कशी घेतली गेली हा प्रश्न तंत्राइतकाच गंभीर होता. त्या मुलींची आणि त्यांच्या पुढील पिढ्यांची संमती तर मिळणेच शक्य नव्हते.

भगवंतांनी कम्माचे मूळ चेतनेत पाहिले, आणि चेतना लोभ, द्वेष, मोह यांतून निघते की त्यांच्या अभावातून, ही कसोटी दिली. मोहाचा येथील अर्थ अज्ञान असा आहे हे विसरू नये. केवळ हेतू करुणेचा असणे पुरे नसते. याचे ठळक उदाहरण सिकलसेलच्याच इतिहासात आहे.

हा रोग रेणूच्या पातळीवर प्रथम उकलला तो लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९४९ साली. पॉलिंग दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी. त्यांपैकी एक शांततेचे. रोगी अपत्य जन्मास येऊन यातना भोगू नये, या तळमळीने त्यांनी १९६८ साली एक सूचना लिहून ठेवली. ज्या तरुण-तरुणींच्या अंगी हे जनुक असेल त्यांच्या कपाळावर एक चिन्ह गोंदावे, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. अमेरिकेत हे जनुक प्रामुख्याने कृष्णवर्णीयांत आढळते. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावयास लावणाऱ्या पेशवाईची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना या सूचनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गोंदण झाले नाही, पण १९७० नंतर अमेरिकेतील अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी तपासणी सक्तीची केली. रोगी आणि निरोगी वाहक यांतील भेद लोकांना समजाविला गेला नाही. वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. हवाई दलाच्या अकादमीचे दार तर त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. वासेट्ठसुत्ताने जी खूण माणसात नाही असे म्हटले, ती रक्ताच्या थेंबात सापडल्याचा हा आनंद होता.

प्रत्यक्षात ते जनुकही स्वभावतः वाईट नाही. ते मातापित्यांपैकी एकाकडूनच आले तर हिवतापापासून बरेच संरक्षण देते, दोघांकडून आले तर रोग होतो; हिवताप नसलेल्या प्रदेशात त्या संरक्षणाला अर्थ उरत नाही. चांगले जनुक, वाईट जनुक ही भाषा प्रत्ययांचा विचार सोडून केलेली भाषा आहे.

विदर्भातील बौद्ध कुटुंबांत, तसेच गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासींत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. मध्य भारतातील या रक्तगुणाची नोंद नागपूरच्या संशोधकांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. म्हणून जनुकीय अभियांत्रिकी हा आपल्यासाठी दूरच्या देशातील वाद नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने जनुकसंपादनावर आधारलेल्या ज्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली, तो याच रोगावरील आहे. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी काढून, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हावे असा बदल त्यांत केला जातो व त्या परत दिल्या जातात. हा बदल संततीत जात नाही. त्याबाबत कोणत्याही शीलाचा अडथळा मला दिसत नाही. अडथळा किमतीचा आहे. अमेरिकेत ती २२ लाख डॉलर ठरली. ज्यांच्या रक्तावर पाऊण शतक संशोधन झाले त्यांच्यापर्यंत औषध पोचत नसेल, तर तेथे लोभाचा प्रश्न विचारावाच लागतो. दिल्लीतील जीनोमशास्त्राच्या सरकारी संस्थेत स्वस्त उपचारासाठी काम झाले आहे, ही आशेची बाजू.

दरम्यान आपल्याकडे हाती आहे ती तपासणी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले असून विवाहपूर्व समुपदेशन हा त्याचा भाग आहे. तपासणी हवीच. तरीही जन्माची निवड करण्याचे तंत्र आपल्या समाजाच्या हाती पडले की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली याच राज्याने केला. तरी सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. यात सक्ती कोणा सरकारची नव्हती. निवड घराघरांतून झाली, आणि त्या घरांत बुद्धाची प्रतिमा असलेली घरे अजिबात नव्हती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

ज्या उपासिकेचा उल्लेख वर केला तिचा दुसराही एक प्रश्न होता. तिची थोरली मुलगी केवळ वाहक होती. प्रकृतीने धडधाकट, शिक्षिका. तिच्यासाठी वधू-वर परिचय मेळाव्याचा अर्ज भरताना हे लिहावे की लपवावे? अर्जात रंग, उंची, शिक्षण, पोटजात एवढे रकाने होते, रक्ततपासणीचा नव्हता. पोटजातीचा रकाना बौद्धांच्या अर्जात कशासाठी, असे मी संयोजकांना विचारले, ते ओशाळले. मग बराच वेळ बोलणे झाले आणि पुढील वर्षीचा अर्ज बदलला. पोटजातीचा रकाना गेला. सिकलसेल तपासणी झाली आहे काय, एवढाच प्रश्न मुलगा आणि मुलगी दोघांच्याही अर्जांत आला. निष्कर्ष मात्र कागदावर लिहावयाचा नाही, बोलणी पुढे सरकल्यावर दोन्ही घरांनी एकमेकांना दाखवावयाचा, असे ठरले. त्या मुलीचा विवाह त्यानंतर दोन वर्षांनी झाला. मुलाच्या घरी तपासणीचा आग्रह तिनेच धरला होता.